ठणकाजवे, ठिणगूळ आणि डोके आपटल्यावर दिसणारा उजेड

डोके कशावर तरी जोरात आपटले की क्षणभर डोळ्यांपुढे काही ठिपके लखलखतात, इकडून तिकडे सरकतात आणि ठणका सुरू होईपर्यंत विझूनही जातात. हा अनुभव कधीच न आलेला माणूस सापडणे कठीण आहे, आणि कोकणातल्या जुन्या घरात लहानाचा मोठा झालेला तर नाहीच. एवढ्या ओळखीच्या या अनुभवासाठी मराठीत 'डोळ्यांपुढे काजवे चमकणे' हा सुंदर वाक्प्रचार आहे. परंतु चटकन उच्चारता येईल असे एका शब्दाचे नाव मात्र त्याला नाही. ते नाव गमतीचे असले तरी चालेल, किंबहुना ते गमतीचेच असावे. मात्र ज्याला नाव द्यायचे ते नेमके काय आहे हे उमगल्याशिवाय दिलेले नाव तोंडात बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून आधी तो उजेड समजून घेऊ आणि मग शब्दांकडे वळू.

सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या उजेडात उजेडच नसतो. त्या क्षणी बाहेरून वेगळा असा एकही किरण डोळ्यात शिरलेला नसतो आणि डोळ्यातूनही काही बाहेर पडत नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. मंद उजेड टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख पेशी या पडद्यात असतात, आणि त्यांनी टिपलेले सारे संदेश सुमारे १० लाख तंतूंच्या एका जुडग्यातून, म्हणजे दृष्टिचेतेतून, मेंदूकडे जातात. या तंतूंमधून प्रकाश वाहत नाही. विजेचे अतिसूक्ष्म स्पंद वाहतात. ते स्पंद कशामुळे उमटले हे जाणून घेण्याचा मार्ग मेंदूला नसतो. या वाटेने जे येईल ते दृश्य, एवढाच अर्थ तो लावतो. त्यामुळे पेशी प्रकाशाने चेतल्या काय, दाबाने चेतल्या काय किंवा धक्क्याने चेतल्या काय, दिसायचा तो उजेडच दिसतो.

हे घरबसल्या पडताळून पाहता येते. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या कोपऱ्यावर, पापणीवरूनच, बोटाने अगदी हलका दाब द्यावा. थोड्याच वेळात एक फिकट कडे किंवा चकती दिसू लागते. नवलाची गोष्ट ही की दाब कानाच्या बाजूला असताना कडे मात्र नाकाच्या बाजूला दिसते. डोळ्यातील भिंगामुळे दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते; म्हणजेच नाकाकडच्या वस्तूंचा प्रकाश पडद्याच्या कानाकडच्या भागावर पडतो. त्या भागाच्या पेशी बोटाच्या दाबाने चेतल्या की मेंदू नेहमीच्या हिशेबाने ती चमक नाकाकडे नेऊन ठेवतो. ज्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना काचबिंदू आहे किंवा ज्यांच्या चष्म्याचा उणे क्रमांक मोठा आहे त्यांनी हा प्रयोग करू नये.

आयझॅक न्यूटन यांनी तरुणपणी, १६६५-६६ च्या सुमारास, हाच प्रयोग फार धाडसाने केला होता. त्यांनी बोटाऐवजी दाभण घेतले, ते डोळ्याचा गोळा आणि खोबणीचे हाड यांच्या मधल्या फटीतून शक्य तितके मागे सारले आणि टोकाने दाब देऊन पाहिला. पांढरी, काळी आणि रंगीत वर्तुळे दिसली, ती त्यांनी आकृतीसह वहीत नोंदवून ठेवली. असे धाडस आज कोणीही करू नये, हे सांगायला नकोच; परंतु त्यांच्या नोंदीतील एक निरीक्षण आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडते. दाभणाचे टोक हलते ठेवले की वर्तुळे स्पष्ट दिसत. दाब तसाच ठेवून हात स्थिर केला की ती फिकट होत आणि पुष्कळदा नाहीशी होत. याचा अर्थ पेशी दाबापेक्षा दाबातील बदलाला अधिक दाद देतात. डोके आपटल्यावर दिसणारी चमक टिकून का राहत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे.

डोळ्याला मार लागल्यावर उजेड दिसतो, त्याअर्थी डोळ्यातच अग्नी असला पाहिजे, असा तर्क प्राचीन ग्रीक विचारवंतांनी केला होता. आपल्याकडे न्यायदर्शनानेही, वेगळ्या वाटेने का होईना, चक्षू हे तेजापासून बनलेले इंद्रिय मानले. ही समजूत इतकी चिवट होती की १९ व्या शतकातील जर्मनीत तिच्यावर खल करण्याची वेळ न्यायवैद्यकावर आली. काळोखात हल्ला झालेल्या एका माणसाने असा दावा केला की डोळ्यावर बसलेल्या फटक्याने जो उजेड पडला त्यात मला हल्लेखोराचा चेहरा ओळखता आला. शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी या प्रकरणाचा परामर्श घेऊन असे उजेड पडणे शक्यच नसल्याचे सांगितले. संवेदनेचे स्वरूप बाहेरच्या कारणावर ठरत नाही, ते कोणती चेता चेतली यावर ठरते, हा सिद्धान्त त्यांचाच. तो एकदा पटला की सगळे कोडे उलगडते: फटक्याचा उजेड समोरच्याचा चेहरा उजळू शकत नाही, कारण तो पाहणाऱ्याच्या बाहेर नसतोच.

डोळ्याला काहीच न लागता नुसते डोके आपटले तरी काजवे का दिसतात, हा पुढचा प्रश्न. मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते, पण तो कवटीत द्रवावर तरंगत असल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष भार जेमतेम ५० ग्रॅम इतकाच जाणवतो. हा द्रव फार नसतो; मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याभोवती मिळून तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. होडी धक्क्याला टेकली की आत उभी असलेली माणसे जशी पुढे झुकतात आणि लगेच मागे रेलतात, तसेच कवटी एकाएकी थांबली की आतल्या मेंदूचे होते: तो आधी फटक्याच्या बाजूला सरकतो आणि मग उलट बाजूला. पाहण्याचे मुख्य केंद्र मेंदूच्या अगदी मागच्या खंडात, डोक्याच्या मागील उंचवट्याच्या आत असते. म्हणूनच पाय घसरून माणूस पाठीवर पडला आणि डोक्याची मागची बाजू आपटली तर काजवे पुष्कळदा दिसतात. आणि कपाळ आपटले तरी मागच्या खंडाला ओढ बसतच असल्यामुळे ते दिसू शकतात. त्याच झटक्यात डोळ्याचा गोळाही हिसकतो, त्याच्या आतला पारदर्शक, घट्टसर गर दृष्टिपटलाला ओढतो, आणि त्या ओढीनेही चमक उठते. एखाद्या वेळचे काजवे यांपैकी नेमके कोठे पेटले हे दिसणाऱ्याला सांगता येत नाही. बहुधा दोन्ही ठिकाणांचा त्यात वाटा असतो.

मेंदूतच उजेड निर्माण होऊ शकतो याचा स्वच्छ पुरावा १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल लेविन यांनी दृष्टी गेलेल्या एका बाईंच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर ८० विद्युतअग्रे बसवली आणि त्यांतून क्षीण वीज सोडली. डोळे निकामी असतानाही त्या बाईंना प्रकाशाचे ठिपके दिसले: बहुतेक वेळा एकच बारीक पांढरा ठिपका, काही अग्रांतून अनेक ठिपके आणि काहींतून लहानशा ढगासारखे काहीतरी. त्यांनी नजर फिरवली की ठिपकेही नजरेबरोबर फिरत. अवकाशवीरांचा अनुभवही याच कुळातला आहे. १९६९ पासून अपोलो मोहिमांवर गेलेल्यांनी अंधारात डोळे मिटलेले असताना चमका दिसल्याचे सांगितले; त्या अवकाशातून वेगाने येऊन डोळ्यांतून आरपार जाणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे उठतात.

ठिपके नजरेबरोबर फिरतात, हा बारकावा मला शब्दाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. जगातल्या अनेक भाषांनी या ठिपक्यांना तारे म्हटले आहे. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, इटालियन या साऱ्या भाषांत माणसे मार लागल्यावर तारे पाहतात, आणि हिंदीतही 'दिन में तारे' दिसतात. फ्रेंच माणसाला छत्तीस मेणबत्त्या दिसतात, तर जपानी माणसाच्या डोळ्यांतून आग निघते. पण तारा आकाशात एका जागी असतो. आपण मान वळवली की तो मागे राहतो, पुन्हा वळून पाहिले की तेथेच सापडतो. डोके आपटल्यावरचे ठिपके असे वागत नाहीत. एखाद्या ठिपक्याकडे रोखून पाहावे तर तो तितकाच पुढे सरकतो, मध्येच विझतो, भलतीकडे दुसरा पेटतो. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाचा पाऊस लागण्याच्या आधी, कोकणात परसातल्या झाडाखाली उभे राहून काजवा पकडू पाहणाऱ्याला जे अनुभवाला येते तेच हे आहे. मराठीने येथे तारा न निवडता काजवा निवडला, ही केवळ काव्यात्म लहर आहे असे मला वाटत नाही. ते अचूक निरीक्षण आहे.

मग हा वाक्प्रचार हाताशी असताना वेगळा शब्द कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे की वाक्प्रचार आता अंगावरच्या माराकडून मनावरच्या धक्क्याकडे गेला आहे. विजेचे बिल पाहून काजवे चमकतात, परीक्षेची प्रश्नपत्रिका पाहून चमकतात, लग्नाच्या खर्चाचा आकडा ऐकून तर नक्कीच चमकतात. खरोखर डोके आपटलेल्या माणसाला मात्र आपले काजवे खरे आहेत हे वेगळे सांगावे लागते. दुसरे कारण शास्त्रीय लेखनाचे आहे. या चमकेला पाश्चात्त्य वैद्यकात ग्रीक भाषेतील 'प्रकाश' आणि 'दाखवणे' या अर्थांच्या शब्दांवरून 'फॉस्फीन' म्हणतात. धान्यात ठेवण्याच्या कीडनाशक गोळ्यांतून जो जहाल विषारी वायू सुटतो त्याचेही नाव देवनागरीत 'फॉस्फीन' असेच लिहिले जाते. इंग्रजीत एका अक्षराचा तरी फरक आहे. मराठीत तोही उरत नाही. 'फटका बसल्यावर फॉस्फीन दिसते' आणि 'कोठारात फॉस्फीन कोंडते' ही दोन वाक्ये एकाच पानावर आली तर वाचकाने काय समजावे? पाठ्यपुस्तकासाठी मी 'भासदीप्ती' हा शब्द सुचवीन: दीप्ती आहे, पण भासाची. घरातल्या बोलण्यात मात्र तो चालणार नाही. कपाळ चोळत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून 'भासदीप्ती' निघत नाही.

घरातला शब्द शोधायचा तर घरातच शिरले पाहिजे. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याने तिरका येतो; त्याच्या माऱ्यापासून भिंती वाचवण्यासाठी कौलारू छपराची पाखी खालपर्यंत ओढून घेतात. त्यामुळे वळचण पुष्कळदा उभ्या माणसाच्या कपाळाइतकी खाली येते. आतही तीच तऱ्हा असते. पडवीतून माजघरात जाणाऱ्या दाराचा उंबरठा वीतभर उंच आणि चौकटीची वरची गणेशपट्टी खाली आलेली असते. उंबरठ्यावरून पाय टाकताना माणूस क्षणभर उंच होतो, नजर पायाकडे असते, आणि नेमक्या त्याच क्षणी कपाळ गणेशपट्टीला लागते. रोज वावरणाऱ्याची मान त्या जागी आपोआप झुकते. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याची सवय मात्र वर्षभरात मोडलेली असते, आणि घरातून 'वाकान ये रे, झिला' ही हाक येईपर्यंत आवाज झालेला असतो.

आता शब्द. दोन शब्दांचे सांधे जुळवून तिसरा शब्द करणे हा खेळ सोपा वाटतो, पण चांगला सांधा क्वचितच मिळतो. मला मिळालेला सर्वांत चांगला सांधा 'ठणकाजवे' हा आहे. 'ठणका' या शब्दाचा शेवट 'का' ने होतो आणि 'काजवे' या शब्दाचा आरंभ 'का' ने होतो. दोघांत एकच 'का' पुरतो आणि जोड दिसतही नाही. शब्दात 'ठण' हा आपटण्याचा आवाज आला, ठणका आला, काजवे आले. 'गणेशपट्टी लागली आणि ठणकाजवे उडाले' हे वाक्य म्हणून पाहावे. समजावून सांगण्याची गरज पडत नाही. एक आक्षेप घेता येईल. प्रत्यक्षात चमक आधी दिसते आणि ठणका मागून येतो, कारण ठणक वाहून नेणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम १-२ मीटर या संथ गतीने निरोप नेतात. त्या क्रमाने शब्द केला तर 'काजवठणका' असा होतो. तो शास्त्राला धरून आहे, पण जिभेला अडखळवतो, आणि ज्याचे डोके नुकतेच आपटले आहे त्याच्या जिभेला आणखी अडखळवू नये.

दुसरा शब्द 'ठिणगूळ'. ठिणगी आणि टेंगूळ यांपासून तो झाला, आणि टेंगळासारखाच तो नपुंसकलिंगी चालवावा: एक ठिणगूळ, दोन ठिणगुळे. ज्या आपटण्याने नुसती सूज आली ते टेंगूळ, आणि सुजेबरोबर ठिणग्याही दिसल्या ते ठिणगूळ. हा भेद कामाचा आहे. रडत आलेल्या मुलाला आईने 'टेंगूळ की ठिणगूळ?' असे विचारले तर मूल उत्तर देण्यासाठी क्षणभर रडणे थांबवते, आणि आईला मार किती जोराचा होता याचा पहिला अंदाज येतो.

क्रियापदाचीही सोय हवी. डोके या नामापासून मराठीने 'डोकावणे' केले, लाथेपासून 'लाथाडणे' केले, हातापासून 'हाताळणे' केले. मग काजव्यापासून 'काजवणे' व्हायला हरकत नाही. 'पोटमाळ्यावरून फणसाचे पाट काढताना वाशाला लागून बाबा काजवले.' 'जपून जा, काजवशील.' हे क्रियापद 'खाजवणे' या क्रियापदाच्या अगदी शेजारी उभे आहे आणि त्याचा मुलांना चांगला उपयोग होईल: आधी काजवतो तो मग खाजवतो.

काही शब्द टाकून द्यावे लागले, आणि का टाकले हेही सांगितले पाहिजे. वळचणीला डोके लागल्यावरच्या चमकेला 'वळचणकाजवे' म्हणावे असे प्रथम सुचते. पण पावसाळ्याच्या तोंडावर खरे काजवेही वळचणीला येऊन बसतात, त्यामुळे घोटाळा होईल. म्हणून तेथे 'वळचणतारे' ठेवावा. तारा या शब्दाविषयी मी वर केलेली तक्रार कायम आहे, तरी वळचणीला खरा तारा कधीच नसतो, आणि त्या अशक्यतेतच शब्दाची गंमत आहे. न वाकल्यामुळे झालेल्या अपघाताला 'वाकचूक' म्हणता येईल असे वाटते, परंतु 'वाक्' म्हणजे वाणी असल्याने ती बोलण्यातली चूक वाटते. 'नारळनक्षत्र' हा शब्द कानाला गोड लागतो, पण तो मी कोणालाही वापरू देणार नाही. सोडणासकट एक-दीड किलोचा नारळ उंच माडावरून डोक्यावर पडला तर तेथे गमतीच्या शब्दाला जागा नसते.

एक जुना शब्द मात्र नव्याने वापरण्याजोगा आहे. 'तारांबळ' हा शब्द मंगलाष्टकांतील 'ताराबलं चंद्रबलं' या चरणावरून, लग्नघटिकेच्या धांदलीमुळे आला, असे सांगितले जाते. मूळचा अर्थ बाजूला पडून शब्द धांदलीचा झाला. त्याच न्यायाने डोके धरून खाली बसलेल्या माणसाच्या अवस्थेला, तारे दिसताहेत आणि बळ गेले आहे या अर्थाने, 'तारांबळ उडाली' म्हणावे. जुना अर्थ तसाच राहील आणि नवा त्याच्या शेजारी बसेल.

असे शब्द करणे हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी याच किनाऱ्याचा इतिहास पाहावा. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये काढलेल्या मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यापुढे तयार शब्दांची रास नव्हती. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी अनेक शब्द घडवले. त्यांतील 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द आज कोणी घडवले होते याची आठवणही होत नाही, आणि पुष्कळ शब्द यादीतच राहिले. शेतकऱ्यांनी तर पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' अशी नावे ठेवली, आणि ती पंचांगातल्या नावांइतकीच पक्की झाली. अमेरिकन व्यंगचित्रकार मॉर्ट वॉकर यांनी चित्रकथांतल्या खुणांना १९८० मध्ये अशीच गमतीची नावे दिली. गरगरणाऱ्या किंवा झिंगलेल्या डोक्याभोवती काढतात त्या चांदण्या-बुडबुड्यांना त्यांनी 'स्क्वीन' म्हटले, कपाळावरून उडणाऱ्या घामाच्या थेंबांना 'प्लूड' म्हटले, आणि पुढे चित्रकथांचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच शब्द गांभीर्याने वापरले.

याच चमकेची आणखी एक जात आहे, तिला मात्र मार लागत नाही. झोप येत नसली की मुले मिटलेले डोळे तळहातांनी चोळतात आणि आत उमटणाऱ्या जाळ्या, चकत्या, रंगीत चौकटी पाहत बसतात. कारण वर सांगितले तेच, दाबाने चेतलेले दृष्टिपटल. या उजेडाला मी 'मिटचांदणे' म्हणतो. हा शब्द ठणकाजव्यांपासून वेगळा ठेवावा, कारण येथे वेदना नाही आणि उजेडही हळूहळू पसरतो. तरी मुलांना डोळे जोराने आणि रोज चोळू देऊ नये; बुबुळाच्या आजारांत ही सवय अपायकारक ठरते.

शब्द वेगवेगळे असण्याचा खरा उपयोग येथून पुढे आहे, कारण प्रत्येक चमक निरुपद्रवी नसते. बसलेला माणूस एकदम उठला आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन ठिपके नाचले तर ते रक्तदाब क्षणभर उतरल्यामुळे असते. वारंवार होत असेल तर रक्तदाब तपासून घ्यावा. अर्धशिशीपूर्वी काहींना नागमोडी, झगझगीत रेषा दिसतात, त्या हळूहळू पसरतात आणि बहुधा तासाभरात ओसरतात. परंतु डोके आपटलेले नसताना एका डोळ्याच्या कडेला पुन्हा पुन्हा विजेसारखी रेघ चमकत असेल, त्याच वेळी काळे ठिपके किंवा जाळी एकाएकी वाढली असेल, किंवा दृष्टीच्या एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले असेल, तर दृष्टिपटल फाटत किंवा सुटत असण्याची शक्यता असते. पन्नाशीनंतर, उणे क्रमांकाच्या जाड चष्म्याच्या लोकांत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ही शक्यता वाढते. अशा वेळी 'काजवे चमकतात, जातील' म्हणून घरी थांबू नये. नेत्रतज्ज्ञ तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच दिवशी जावे. सुटलेले दृष्टिपटल वेळेत बसवले तर दृष्टी वाचू शकते.

ठिणगुळाचेही तसेच आहे. चमक क्षणात गेली, माणूस नीट बोलतो आहे, चालतो आहे, तर थंड पाण्याची घडी ठेवून दिवसभर लक्ष ठेवणे पुरते. मात्र शुद्ध हरपली असेल, एकापेक्षा अधिक वेळा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी येऊ लागली, बोलणे अडखळले, दोन्ही बाहुल्या सारख्या दिसेनाशा झाल्या, किंवा नाकाकानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त आले, तर थेट रुग्णालय गाठावे. वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत वरवर किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांना दाखवावा. त्यांच्यात कवटीच्या आतला रक्तस्राव हळूहळू होऊन काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, लक्षात येतो. तपासणीच्या खोलीत मात्र ठणकाजवे, ठिणगूळ हे शब्द बाजूला ठेवावेत. डोके कशावर, किती वाजता आणि कोणत्या बाजूने आपटले, चमक एका डोळ्यापुढे होती की दोन्ही, ती किती वेळ टिकली आणि नंतर पुन्हा दिसली का, एवढे साध्या शब्दांत सांगावे. डॉक्टरांना तेच हवे असते.